कानसाहेबांची लाल गाडी

बाटल्या भरण्याच्या कारखान्यात त्यांना सगळे कानसाहेब म्हणत. साहेब ते कधीच नव्हते, होते साधे फिटर. पण पट्ट्यावरून काचेच्या बाटल्या एकमेकींवर आपटत धावायच्या, त्या कल्लोळात लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून उभे राहत आणि सांगत, "पलीकडचं बेअरिंग. फार दिवस काढणार नाही." आणि ते बेअरिंग खरोखरच फार दिवस काढत नसे. कारखान्याने कानात घालायला बोळे दिले होते. ते त्यांच्या खिशात असत. "बोळे घातले तर ऐकू काय येणार, कपाळ?" असं म्हणून ते हसत. अख्खी नोकरी त्यांनी उघड्या कानांनी केली.

त्यांचा जीव मात्र घराखालच्या गाळ्यात होता. तिथे एक जुनी लाल गाडी होती, दोन दारांची, बुटकी, टर्बो बसवलेली. कुणीतरी ठोकून टाकून दिलेली ती गाडी त्यांनी आणली, तेव्हा बायको म्हणाली होती, "घरात माणसांना बसायला खुर्च्या धड नाहीत, आणि ही आणली." पण कानसाहेबांनी ती उभी केली. त्यांनी तिचं इंजिन उतरवलं, धुतलं आणि परत चढवलं. टर्बो म्हणजे काय, हे ते पाहुण्यांना फार प्रेमाने समजावत. धुराड्यातून वाया जाणारा गरम वायू एक पंखा फिरवतो, त्याच दांडीवरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो, आणि गाडी चढावर अंगात आल्यासारखी पळते. "ती दांडी नीट फिरतेय का, ते आवाजावरून कळतं," ते म्हणत. "बारीक शिट्टी घालते ती. शिट्टीवरून मी तिची तब्येत सांगतो."

म्हणून त्या घरात एक नियम होता. गाडीत बसलं की वस्तीबाहेरचा चढ संपेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. कानसाहेब ऐकत असत. मुलगी लहान असताना एकदा तिला मळमळत होतं. ती चढ संपेपर्यंत तोंड दाबून बसली आणि मग आईच्या मांडीवर भडाभडा ओकली. बायको संतापली. कानसाहेब मात्र कौतुकाने म्हणाले, "शिस्त म्हणतात ती ही."

ती मुलगी शिकून मोठी झाली. डोंगरापलीकडच्या शहरात, एका औषधांच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. कानसाहेबांनी फार पूर्वीच सांगून ठेवलं होतं, "तू नोकरीला लागलीस की गाडी तुझी." आता ती वेळ आली होती. मुलीला खरं तर बसने जायचं होतं. पण बाबांचा चेहरा बघून ती ते बोलली नाही.

त्या वर्षी थंडीत गाडी जरा कुरकुरायला लागली होती. चढावर पूर्वीचा जोर राहिला नव्हता, आणि दाबाचा काटा अर्ध्यावर येऊन थबकत होता. शिट्टीही कर्कश झाली होती. कानसाहेब रोज कारखान्यातून आले की अंगावर जुना शर्ट चढवून गाळ्यात उतरत. त्यांनी साबणाचं पाणी करून प्रत्येक रबरी नळीवर लावलं. हवा थंड करणाऱ्या जाळीकडे जाणाऱ्या नळीवर बुडबुडे आले. त्यांनी बोटाने चाचपलं, तर खालच्या बाजूला चीर सापडली.

"सापडला चोर!" ते जिन्यातूनच ओरडले.

नवी नळी बसली, नव्या पट्ट्या आवळल्या. काटा पुन्हा जागेवर जायला लागला. एवढं केल्यावर टर्बोच्या तोंडावरची नळीही काढून, आतली दांडी बोटांनी हलवून बघायला हवी होती. एरवी ते ती नेहमी बघत. पण त्यासाठी उष्णता अडवणारा पत्रा काढावा लागला असता, आणि त्याचे बोल्ट गंजून बसले होते. एखादा तुटला असता तर काम लांबलं असतं. शिवाय गरज काय होती? शिट्टी तर बंदच झाली होती. सकाळी गाडी सुरू करताना जरासा निळसर धूर येई. तो त्यांनी गाडीच्या वयाच्या खात्यावर मांडला.

घरातल्या आणखी काही गोष्टीही त्या वर्षात बंद पडल्या होत्या. दारावरची चिमणीसारखी चिवचिवणारी घंटा त्यांच्या मते बिघडली होती. त्यांनी तिचे सेल बदलले, मग तिला शिव्या घातल्या. बायको म्हणे, "अहो, वाजतेय की!" ते म्हणत, "तू आत असतेस, तुला भास होतो." टीव्हीवरची माणसं हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, ही त्यांची रोजची तक्रार होती. कारखान्यातल्या पोरांचे उच्चार धड नाहीत, असंही ते म्हणत.

निघायच्या आदल्या दिवशी तिघं चढावर चक्कर मारायला गेले. बायको मागच्या अरुंद जागेत गुडघे पोटाशी घेऊन बसली. मुलगी गाडी चालवत होती. चढ लागला, तिने पाय दाबला, आणि गाडीच्या पोटातून रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा एक बारीक, चढत जाणारा आवाज निघाला. मुलीने आरशातून आईकडे पाहिलं.

"बाबा, हे..."

कानसाहेबांनी डोळे न उघडता तळहात वर केला. ती गप्प बसली.

चढ संपला. त्यांनी डोळे उघडले. चेहरा तृप्त होता. "ऐकलंस? एकदम गप्प. लोण्यासारखी चालतेय."

"पण मला काहीतरी..."

"तुला नव्या नळीचा आवाज येत असेल. मी ऐकलंय ना? मग झालं तर."

मागून बायको म्हणाली, "यांनी ऐकलंय म्हणजे झालंच हो. आपल्याला काय कळतं त्यातलं?" त्यात टोमणा किती आणि विश्वास किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी निघाली. "पोहोचलीस की फोन कर," आई म्हणाली. "आणि थांबल्यावर लगेच इंजिन बंद करू नकोस," कानसाहेब म्हणाले, "टर्बोला जरा दम खाऊ दे."

फोन आला तो दुपारी, आणि मुलीचा नव्हता. डोंगरातल्या शेवटच्या चढावर टर्बोची दांडी तुटली होती. तेलाची नळी उखडली आणि तेल तापून लाल झालेल्या लोखंडावर सांडलं. मुलीने धूर पाहून गाडी कडेला घेतली आणि लहानपणापासून बाबांना जे करताना पाहिलं होतं तेच केलं. ती उतरली आणि तिने बॉनेट उघडलं. ज्वाळा उसळून तिच्या तोंडावर आली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने तिला ओढून बाजूला नेलं. गाडी जळून कोळसा झाली.

दवाखान्यात तिचा डावा हात कोपरापर्यंत आणि निम्मा चेहरा पट्टीत होता. धुराने घसा धरला होता. कुजबुजण्यापलीकडे आवाज निघत नव्हता. कानसाहेब खाटेच्या पायथ्याशी उभे होते. ती काहीतरी म्हणाली.

"हो बाळ, हो," ते म्हणाले.

ती पुन्हा म्हणाली.

"हो हो. तू काळजी करू नकोस."

बायको त्यांच्याकडे वळली. "अहो, ती विचारतेय, गालाचं डॉक्टर काय म्हणाले? डाग राहणार का? आणि तुम्ही हो हो काय करताय?"

कानसाहेबांनी खाटेचा दांडा धरला. मग त्यांनी विचारलं, "चढावर शिट्टी येत होती का?"

मुलीचे ओठ हलले. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"येत होती म्हणतेय."

"कधीपासून?"

हे बायकोने मुलीला विचारलंच नाही. "थंडीपासून. नळी बदललीत, त्यानंतरही. मलाही येत होती."

"मग बोलला का नाहीत?" त्यांचा आवाज एवढा चढला की शेजारच्या खाटांवरची माणसं वळून बघायला लागली. परिचारिकेने ओठावर बोट ठेवलं.

"कधी बोलायचं होतं?" बायको दबक्या आवाजात म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "चढ संपेपर्यंत तुम्ही बोलू देत नव्हता. चढ संपला की तुम्हीच सांगायचात, गप्प झाली. तुम्हाला खोटं पाडायचं कुणी?"

कानसाहेब खाटेला वळसा घालून मुलीच्या उशाशी आले. खाली स्टूल होतं, त्यावर बसले. त्यांनी आयुष्यात पुष्कळ यंत्रांचे रोग सांगितले होते, न अडखळता. हे सांगायला त्यांना वेळ लागला.

"मला ऐकू येत नाही, बाळ," ते म्हणाले. "घंटा बिघडलेली नाही. मीच."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती बोलायला लागली. पट्टीच्या कडेने ओठ हलत होते, मध्येच थांबत होते, पुन्हा हलत होते. बायकोने ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तिचे खांदे हलायला लागले.

"काय म्हणतेय?" त्यांनी विचारलं.

बायको वळली नाही. "ते मी नाही सांगणार," ती म्हणाली.

त्यांनी खाली वाकून कान मुलीच्या तोंडाशी नेला. तिचा श्वास कानाला लागत होता, ऊन ऊन. ती बोलत होती. त्यांनी डोळे मिटले, श्वास रोखला आणि ऐकत राहिले. शब्द एकही आला नाही.