नाहूरहून दिसणारी चादर

आमच्या हिच्या मामांना जगातली एकही वस्तू दिसते तशी मान्य नव्हती. समोरचा डोंगर निळा दिसला, की "तो निळा नाही हो, मधली हवा निळी" म्हणून ते हवा वजा करायला बसत. नोकरीच तशी. उपग्रहावरून पृथ्वीकडे बघणारं एक यंत्र बनायचं होतं. जमिनीवरचा उजेड धूळ, धूर, वाफ यांतून वर पोचेपर्यंत त्याचं काय होईल आणि त्या यंत्राला काय दिसेल, हे मामा आधीच संगणकावर काढून ठेवत. जन्माला न आलेल्या मुलाच्या चष्म्याचा नंबर काढण्यातलाच प्रकार! मला साधा भागाकार घाम फोडतो, त्यामुळे मी नुसती मान हलवायचो. तेवढ्यावर त्यांनी मला सहकारी करून टाकलं.

मामी गेल्यापासून ते नाहूरला एकटे राहत, आम्ही भांडुपला. दर रविवारी सकाळी आम्ही गच्चीवर पांढरी चादर वाळत घालायची. मामा त्यांच्या गच्चीवरून, दुर्बिणीला रंगीत काचा लावून, ती किती पांढरी उरली ते बघणार आणि गणिताशी ताडणार. मग चहाला आमच्याकडे. आठवड्यात त्यांच्याशी बोलणारे बहुधा आम्हीच. एकदा मात्र तणतणत आले आणि भाचीला थेट मालवणीत विचारलं, "हवेत इतक्या निळेपण खंयसून इला गो?"

"पिवळी पडली होती मामा, जरा नीळ घातली."

"म्हणजे मी हवेत शोधतंय आणि ता तुझ्या बादलीत!"

पुढे मध्ये एक इमारत उठू लागली. तिचा मजला चढला, की मामांचा चेहरा उतरे. चादर दिसेनाशी झाली आणि मामाही यायचे थांबले. शेवटी एका रविवारी मीच नाहूरला गेलो. ते गच्चीवर, दुर्बीण त्या ओल्या गिलाव्याकडे.

"काम संपलं, जावईबापू. आता उगाच चहाला कशाला येऊ?"

"अहो, ही तिकडे चादर वाळत घालून बसलीय."

त्यांनी दुर्बिणीवरचा डोळा काढला. मग, "नीळ?"

"नाही."

"मग काढता येईल. ऊन कळतंय, हवा कळतेय. भिंत हिशेबात धरायचीच नाही." कागदावर खरडून म्हणाले, "ही बघा, अशी दिसली असती." आणि चप्पल घालून निघाले.

मामा जाऊनही आता वर्ष होत आलं. ही रविवारी चादर वाळत घालतेच. मी नाहूरच्या दिशेला बघतो. भिंत दिसते. ती न धरता कसं बघायचं, तेवढं मात्र मी त्यांना विचारून घेतलं नाही.