योरार

आक्का लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून मनातल्या मनात घोकायची: आब्लो, आब्लास, आब्ला. वाफेने चेहरा ओला व्हायचा, पण ओठ हलायचे थांबत नसत. मालक म्हणाला, "आक्का, कुणाला शिव्या देताय?" ती म्हणाली, "जावयाशी बोलायची तयारी करतेय."

लेक परदेशात, जावई स्पॅनिश बोलणारा. नात, चिमणी, तीही बापाचीच भाषा बोलायची. व्हिडिओ कॉलवर सगळं बोलणं लेकीच्या मार्फत चालायचं. पण गेले काही महिने जावई पाच मिनिटं बोलायचा आणि लेक मराठीत सांगायची, "तो म्हणतोय, सगळं मजेत आहे." एवढ्या लांबलचक बोलण्याचा एवढासाच अर्थ? आक्काच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

म्हणून तिने जहाजवाल्या काकांना गाठलं. हे लॉन्ड्रीचे जुने गिऱ्हाईक, उभा जन्म बोटीवर काढलेले. ते म्हणाले, स्पॅनिशमध्ये क्रियापदाच्या शेवटी 'आर' असला, की तो काढायचा आणि त्या जागी माणूस बसवायचा. 'आब्लार' म्हणजे बोलणं. आब्लो, मी बोलतो. आब्लास, तू बोलतोस. आब्ला, तो बोलतो. आब्लामोस, आम्ही बोलतो. आब्लाइस, तुम्ही बोलता. आब्लान, ते बोलतात. आधी 'ह' लिहितात, पण उच्चारत नाहीत.

"आमच्या सासऱ्यांसारखं," आक्का म्हणाली. "घरात असायचे, पण तोंड उघडायचे नाहीत."

'बोलतो' आणि 'बोलते' यांना मात्र एकच रूप, हे तिला रुचलं नाही. बाई आहे की बाप्या, हे कळायचं कसं? काका म्हणाले, ते आजूबाजूच्या बोलण्यावरून ओळखायचं. मग त्यांनी त्याच साच्यातली आणखी क्रियापदं दिली. कांतार म्हणजे गाणं, त्राबाखार म्हणजे काम करणं, योरार म्हणजे रडणं. आक्काने ती सगळी 'आर' काढून, माणसं बसवून पाठ केली.

त्या रविवारी दुपारी कॉल चालू असताना तिकडच्या दारावरची बेल वाजली आणि लेक फोन चिमणीच्या हातात देऊन दार उघडायला गेली. आक्काने संधी साधली. "कांतास?" तिने विचारलं. गातेस का? चिमणीने नकारार्थी मान हलवली आणि ती अगदी सहज म्हणाली, "मामा योरा."

मामा म्हणजे आई, हे आक्काला ठाऊक होतं. लेकीला भाऊ नव्हता, त्यामुळे पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा ती पोट धरून हसली होती. आज हसू आलं नाही. योरा. आई रडते.

तेवढ्यात जावई पडद्यावर आला. आक्काने धीर करून विचारलं, "मामा योरा?"

त्याने मागे वळून पाहिलं आणि तो हळूच म्हणाला, "योरामोस."

शेवटी 'आमोस' होता, तिने त्या जागी माणसं बसवली. आम्ही रडतो.

लेक परत आली, तेव्हा आईचा चेहरा बघूनच तिला कळलं. "काय सांगितलं त्याने?"

"तू सांग," आक्का म्हणाली. "आता मध्ये दुसरं कुणी नाही."

मग लेकीने सांगितलं. दिवस गेल्याचंही तिने कळवलं नव्हतं, आणि पाचव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं होतं. आईला रक्तदाबाचा त्रास, उगाच धसका घेईल, म्हणून ती दर कॉलला खोटं सांगत राहिली. जावई मात्र दर वेळी म्हणायचा, सांगून टाक.

आक्काला राग आला, तो गिळताही येईना. "माझ्यापासून लपवलंस?" एवढंच ती म्हणाली. मी येते, असंही म्हणाली. लेक म्हणाली, "आत्ता नको गं. मला अजून कुणी जवळ यायला नकोय." ते आक्काला सुरीसारखं लागलं.

सोमवारी तिने शर्टाची कॉलर जाळली. संध्याकाळी तिने फोन केला, तो जावयाने उचलला. तिला मोजके शब्द येत होते आणि त्याला मराठी येत नव्हती. आतून पाण्याचा आवाज येत होता. लेक भांडी घासत असावी. दोघं बराच वेळ तशीच बसली, ती इकडे खुर्चीत आणि तो तिकडे स्वयंपाकघराच्या दाराशी. शेवटी पाण्याचा आवाज थांबला आणि लेकीने विचारलं, "आई, तूच आहेस का?"