लेकीची शाळा आणि माझे एकतीस प्रश्न

माझी लेक पावणेतीन वर्षांची झाली आणि नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत जो भेटेल तो मला एकच विचारू लागला, "मग, कुठं टाकून राहिले पोरीले?" पहिले आठ दिवस मी हसण्यावारी नेलं. नवव्या दिवशी दूधवाल्यानेही विचारलं, तेव्हा मात्र माझी झोप उडाली.

मी शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टचं गोदाम सांभाळतो. कुठे ओल आहे, वायरिंग कसं आहे, दारं किती, हे पाहण्यात माझी बारा वर्षं गेली. शाळा निवडायची म्हटल्यावर मी तेच करायला बसलो. वहीत प्रश्न लिहून काढले, ते एकतीस झाले. आग विझवायचं नळकांडं कुठे ठेवता इथपासून मुलं एकमेकांना चावली तर काय करता इथपर्यंत. बायकोने वही चाळली आणि विचारलं, "तुम्ही शाळा पाहून राहिले का गोदाम?"

माझ्या बाबांचा तर शाळेलाच विरोध. त्यांनी नातीला समोर उभं केलं आणि तिचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे नेला. बोटं कानापर्यंत पोचेनात.

"पाह्य, पोचत नाही. आमच्या टायमाले कान धरता आला तरच शाळेत घेत. अजून दोन वर्सं राहू दे तिले घरी."

मुलीला तो खेळ वाटला. त्या दिवशी घरी आलेल्या प्रत्येकाचा कान तिने धरला. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाचाही.

शनिवारी आम्ही तिघं निघालो. पहिली शाळा मोठ्या रस्त्यावर, सगळी काचेची. तिथे एक फॉर्म भरायला दिला. त्यात एक रकाना 'पाल्याची बलस्थाने' आणि दुसरा 'पाल्याच्या उणिवा'. बलस्थानांत बायकोने 'गाणी म्हणते' असं लिहिलं. उणिवांपाशी मी बराच वेळ पेन धरून बसलो आणि शेवटी 'आजोबांवर गेली आहे' असं लिहिलं. बायकोने ते खोडलं.

मग मॅडमनी आत बोलावलं. "घरी मोबाइल किती वेळ बघते?"

"अजिबात नाही," मी ठणकावून सांगितलं.

तेवढ्यात लेकीने टेबलावरचा शाळेचा टॅब ओढला, बोटाने सरसर चार पानं सरकवली आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "मॅडम, याच्यात नेट नाही हाय."

मॅडम हसल्या नाहीत. बायको खिडकीबाहेर बघत राहिली. आम्ही कळवतो म्हणालो, त्याही कळवतो म्हणाल्या. दोघांनीही कळवलं नाही.

दुसरी शाळा मला फारच आवडली. फरशी लखलखीत, चपला एका ओळीत, प्रत्येक दारावर पाटी. वर्गात वीसेक मुलं तोंडावर बोट ठेवून बसली होती. माझे सतरा प्रश्न तिथे उभ्या उभ्या सुटले. मी बायकोकडे विजयी नजरेने पाहिलं. ती त्या मुलांकडे पाहत होती. स्कूटरवर बसल्यावर मात्र पुढे उभ्या असलेल्या लेकीने मान वळवून विचारलं, "बाबा, त्या पोरांले बोलता नाही येत का?"

मी वहीत त्या शाळेवर फुली मारली.

तिसरी शाळा आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, एका जुन्या बंगल्यात होती. अंगणात वाळूचा ढीग, जांभळाचं झाड, आणि पन्नाशीच्या एक बाई. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं आणि स्वतः लेकीसमोर उकिडव्या बसून तिच्या फ्रॉकवरच्या बदकाची चौकशी सुरू केली. दोन मिनिटांत लेक वाळूत होती. मी वही उघडली. बाईंनी न कंटाळता नऊ प्रश्नांची उत्तरं दिली. दहावा होता बाथरूमचा.

"जाऊन बघा ना," त्या म्हणाल्या.

मुलांचं बाथरूम ते. दार माझ्या छातीएवढं, भांडं माझ्या घोट्याच्या थोडं वर. मूल आत अडकलं तर, या विचाराने मी आत शिरलो आणि दार जोरात ओढून पाहिलं. आतून कडी नव्हती, हे चांगलंच होतं. पण दार पावसाने फुगलं होतं. ते चौकटीत असं बसलं की ढकलून हलेना. वरून उडी मारायचं माझं वय नव्हतं आणि वजन तर नव्हतंच. कुणाला हाक मारायची लाज वाटत होती, म्हणून मी जरा वेळ उगीच भिंतीच्या टाइल्स पाहत उभा राहिलो.

एक छोटा मुलगा आला, मग आणखी चौघं. सगळे मान वर करून माझ्याकडे पाहू लागले.

"काका, तुमची शी झाली का?" एकाने काळजीने विचारलं.

मागून माझी लेक वाळूने भरलेल्या हातांनी आली. मला वाटलं, आता रडेल. तिने सगळ्यांना अभिमानाने सांगितलं, "माझे बाबा हाय ते." आणि परत वाळूत निघून गेली.

शेवटी तिथल्या मावशी धावत आल्या. "काहून जी, लेकरांच्या संडासात काहून घुसले तुम्ही?" असं म्हणत त्यांनी दार खालून किंचित उचललं आणि चौकटीला पाय लावून बाहेर ओढलं. मी बाहेर पडलो. बायको जांभळाच्या झाडाला टेकून डोळे पुसत होती. हसून हसून पाणी आलं होतं तिच्या डोळ्यांत.

बाई मात्र हसल्या नाहीत. "दार अडकतं, तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आज दुपारीच सुताराला बोलावते. पुढचा प्रश्न काय होता?"

बारा वर्षांत चूक अशी चटकन कबूल करणारा माणूस मला वाडीत भेटला नव्हता. मी वही मिटली. तसंही लेक घरी यायला तयार नव्हती, तिला उचलून न्यावं लागलं आणि गल्लीच्या तोंडापर्यंत तिने भोंगा लावला.

शाळा सुरू झाल्यावर पहिले दोन दिवस ती रडली. तिसऱ्या दिवशी मावशींचं बोट धरून न बघता आत गेली. माझं मात्र गोदामात लक्ष लागेना. रोज अकरा वाजता मी बाईंना फोन करायचो. ती रडते का, तिने डबा खाल्ला का, पाणी प्यायली का. बाई सगळं शांतपणे सांगायच्या. दुसरा आठवडा लागला तेव्हा बायकोने दम दिला, "आता फोन केला तर पाहा." त्या दिवशी मी फोन खिशातून काढलाच नाही, ट्रक मोजत बसलो.

सव्वाअकराला फोनच वाजला. बाईंचाच होता. मोजणी अर्धवट सोडून मी तो उचलला.

"काय हो," त्या म्हणाल्या, "आज फोन नाही आला. तब्येत बरी आहे ना तुमची?"