तिच्या डब्यातलं तेल

नवऱ्याच्या फोटोला मी रोजचं सगळं सांगते. गॅस संपला, नळ आला नाही, गुडघा दुखतो. ही एक गोष्ट त्यालाही सांगितली नाही. बहिणीला नाही, मुलाला तर नाहीच. तुम्हाला सांगते. तुम्ही ऐकून घरी जाल, आणि मी इथेच राहीन — एवढं बरं आहे.

मी एकतीस वर्षं भज्यांचा ठेला चालवला. उमरेडच्या गाड्या थांबतात त्या नाक्यावर. सासऱ्यांच्या घरी माग होता, तो बंद पडला, म्हणून मी कढई चढवली. आलूबोंडे, मिरचीची भजी, समोसे. ठेल्याचं नाव होतं. कशामुळे? तेलामुळे. रोज सकाळी गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर कढईत नवं तेल ओतायची. कालच्या तेलात मी कधी भजं सोडलं नाही. ड्रायव्हर-कंडक्टर म्हणायचे, मावशीच्या आलूबोंड्यानं छातीत जळजळ होत नाही. मला त्याचा गर्व होता. अजून आहे. खोटं कशाला बोलू?

मग कालचं तेल कुठे जायचं? हे मात्र कधी कोणी विचारलं नाही.

घरी जायचं. संध्याकाळी गार झालं की मी ते जुन्या धोतराच्या कापडातून गाळायची आणि घरी आणायची. भाजीला, वरणाच्या फोडणीला, सणाच्या पुऱ्यांना तेच. काळपट लाल, जरा चिकट. आमच्या रांगेतल्या सगळ्याच ठेलेवाल्यांच्या घरी असं होतं. गिऱ्हाइकाला नवं, घरच्यांना जुनं — यात कोणाला वावगं वाटलं नाही, उलट ही आमची इमानदारी. टाकून कसं द्यायचं? अन्न आहे ते. माझी तीन मुलं त्यावर वाढली. नवरा छातीत कळ येऊन गेला, तेव्हाही मला तेल आठवलं नाही.

आता सुनेचं सांगते. पल्लवी. माझ्या धाकट्याची, नरेशची बायको. तो मिहानमधल्या एका कंपनीत स्टोअरला आहे, ती बुटीबोरीला कापडाच्या कंपनीत जायची. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण माझ्याकडेच करायचं ठरलं. चांगली मुलगी. हे मी आज म्हणते असं नाही, तेव्हाही म्हणायची. ती मला आवडत नव्हती म्हणून मी असं केलं — असं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

पाचव्या महिन्यात तिचं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी काम सोडायला लावलं आणि आम्हा तिघांना समोर बसवून खाण्याचं सांगितलं. मीठ कमी. डालडा नको, बेकरीचं नको, आणि एकदा तळलेलं तेल पुन्हा तापवून तर अजिबात नको. मला म्हणाल्या, आजी, बाळाचा मेंदू आणि डोळे चांगल्या चरबीतून घडतात. आई खाईल तेच नाळेतून बाळाला जातं. असली वाईट चरबी गेली की चांगलीची जागा अडते, आणि आईच्या रक्ताच्या नळ्यांनाही ती वाईट. शेंगदाणे द्या, जवसाची चटणी द्या, ताज्या तेलात भाजी करा, तीही थोड्या तेलात.

मला सगळं समजलं. शाळा चौथीपर्यंत झाली, पण यात न समजण्यासारखं काय होतं? हे मुद्दाम सांगते. पुढे तुमच्या मनात येईल की म्हातारीला समजलं नसेल.

नरेशनं त्याच दिवशी घाण्याचं शेंगदाण्याचं तेल आणलं, एका स्टीलच्या डब्यात भरलं आणि ओट्यावर ठेवलं. म्हणाला, "आई, हे फक्त पल्लवीच्या भाजीले. तुह्या ठेल्याचं तेल तिच्या पोटात जाऊ देऊ नको."

तुह्या ठेल्याचं तेल. असं म्हणाला. राग आला का? थोडा आला. पण रागानं केलं असं म्हणणंही खरं नाही. महिनाभर मी तिची भाजी नीट वेगळी केली. त्याच डब्यातल्या तेलात.

मग पोळा झाला, आणि दुसऱ्या दिवशी मारबत. त्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला खेड्याखेड्यांतून माणसं गाड्या भरभरून आमच्या नाक्यावर उतरली. बारा वाजताच तेल संपलं. किराणा दुकान बंद. कढई रिकामी, समोर माणसं उभी. घर दोन गल्ल्या सोडून. मी आले, ओट्यावरचा डबा उचलला, नेला, ओतला. भजी अशी फुलली — पिवळीधमक. लोक म्हणाले, मावशी, आज काही वेगळंच आहे.

संध्याकाळी डबा रिकामा. नरेशला सांगितलं असतं, तर काय झालं असतं? चिडला असता, दुसरं आणलं असतं. एवढंच. त्याला सांगायचं नव्हतं म्हणून मी गाळलेलं तेल त्या डब्यात ओतलं. त्याच्या जुन्या खुणेपर्यंत भरलं. झाकण लावलं. बाहेरून डबा तसाच दिसत होता.

एकदा झालं असतं तर गोष्ट वेगळी. पण नरेशनं पुन्हा तेल आणून भरलं, तेव्हा मला त्या दिवशीची भजी आठवली. गिऱ्हाइकं विचारत होती ना — परवासारखी पुन्हा कधी करता म्हणून? मी ते तेल ठेल्यावर नेलं आणि ठेल्यावरचं तिच्या डब्यात आणलं, आणि पुढे दर वेळी हेच. गिऱ्हाइकाच्या तोंडून दोन चांगले शब्द ऐकायला. दुसरं कारण मी खूप शोधलं. नाही सापडलं.

तिला कळलं. नाकाला कळलं. पहिल्याच फोडणीला ती ओट्याजवळ आली.

"आई, हे ठेल्याचं तेल तर नाही ना जी? मले वास येऊन राहिला."

मी डबा तिच्यापुढे सरकवला. "हा काय, तुहाच डबा! पोटुशी बाईले पाण्याचाही वास येते."

नरेश जेवत होता, तो हसला. म्हणाला, "हिले तर माह्याही वास येते." तीही हसली. तिला वाटलं, आपलंच नाक बिघडलं. त्यानंतर ती भाजी खाताना पदराचं टोक नाकाशी धरायची, पण तक्रार केली नाही. उलट मलाच म्हणायची, तुम्ही एवढं वेगळं करता माझ्यासाठी. मी ऐकून घ्यायची. काय वाटायचं, विचारता? काही नाही. भांडी घासायची, दुसऱ्या दिवशीचे आलू उकडायला ठेवायची.

सातव्या महिन्यात एकदा तपासणीहून परतताना ती ठेल्यावर आली. दमली होती. स्टुलावर बसली, कढईकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आई, एक समोसा देता का? यांना सांगू नका." मी दोन दिले. माझ्या हातानं, कागदावर. तिनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "याले वास नाही येऊन राहिला."

येणार कसा? ते तिच्याच डब्यातलं तेल होतं.

आठवा लागला आणि तिचे पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे. बीपी उतरेना. दवाखान्यात नेलं, त्याच दिवशी पोट फाडून बाळ काढलं. मुलगी. माझ्या एका ओंजळीत बसेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी. तेवीस दिवस ती त्या पेटीत होती. वाचते की नाही, हे रोज सकाळी विचारायला जायचं.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई पल्लवीच्या खाटेशी आल्या. औषधं वेळेवर घेतली होती का, विश्रांती किती, जेवण कसं होतं — एकेक विचारू लागल्या. नरेश उभा होता. मी जेवणाचा डबा घेऊन उभी होते. त्या म्हणाल्या, पथ्य नीट पाळलं होतं ना?

मी तोंड उघडायच्या आधी पल्लवीच म्हणाली, "एकदा समोसे खाल्ले, मॅडम. दोन."

तिनं माझ्याकडे बघितलं. कोणी दिले ते सांगितलं नाही. मला वाचवलं तिनं. दोन समोशांपासून.

नरेश तिथेच, नर्सच्या देखत, तिला बोलला. "पोरीपेक्षा जीभ मोठी झाली का तुही? आई बिचारी तुह्यासाठी वेगळं तेल, वेगळी भाजी करून राहिली, अन् तू बाहेर खात होती?" ती भिंतीकडे तोंड करून पडली. टाके ओले होते, रडायलाही येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी त्याला दटावलं, दोन समोशांनी असं होत नाही म्हणाल्या. वेळेआधी बाळ यायला पुष्कळ कारणं असतात, एकावर बोट ठेवता येत नाही. कोणी ऐकलं नाही. त्याला एक कारण हवं होतं, ते मिळालं होतं.

आणि मी? माझ्या हातातल्या डब्यात दोडक्याची भाजी होती. गाळलेल्या तेलातली. ती मी खाटेशेजारी ठेवली. दुपारी तिनं खाल्ली.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी स्टीलचा डबा नालीत ओतला आणि राखेनं तीनदा घासला. त्यानंतर ठेल्याचं तेल घरात आणलं नाही, ठेला सुरू होता तोवर जमिनीत ओतत राहिले. यावरून काय ठरतं? हेच की मला कळलं होतं. कळलं नसतं तर आणत राहिले असते.

पोरगी वाचली. आरोही नाव ठेवलं. आता नऊ वर्षांची आहे. जाड चष्मा आहे. बाई फळ्यावर लिहितात ते उतरवायला तिला दुप्पट वेळ लागतो, जोडाक्षर आलं की थांबते. पळताना लवकर थकते. बाकी हसरी आहे, माझ्याजवळ झोपते. तिचं हे तेलामुळे झालं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते खरं असेल, एकावर बोट ठेवता येत नसेल. या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली. मग ते कामाचं राहिलं नाही. तेलानं काय केलं ते मला माहीत नाही. मी काय केलं ते माहीत आहे.

पल्लवीनं त्या दिवसापासून तळलेलं तोंडात घातलं नाही. सणाला आम्ही पुरी खातो, ती पोळी खाते. आरोही पाच वर्षांची झाली तेव्हा नरेशनं दुसऱ्या मुलाचं काढलं. ती म्हणाली, "नको. माह्या जिभेचा भरोसा नाही." नरेशनं पुन्हा विषय काढला नाही. म्हणजे त्यालाही तसंच वाटत होतं. पुढे तिनं ऑपरेशन करून घेतलं. दवाखान्यात सोबत मीच होते. जाताना रिक्षा होती, सांगायला पूर्ण रस्ता होता. मी तिला विचारलं, स्वेटर घेतलं का.

एक मूल कमी झालं या घरात. ते कोणाच्या जिभेमुळे?

हे आता का सांगते? मागच्या महिन्याचं आहे. शेजारच्यांची पोर बाळंतपणाला माहेरी आली आहे. सहावा महिना. दुपारी आमच्याकडे येऊन बसते. त्या दिवशी येताना कचोऱ्या घेऊन आली, तेल कागदातून गळत होतं. पल्लवीनं तिच्या हातातून कागद काढून घेतला आणि तिला सगळं सांगायला बसली — बीपी, पेटी, नळी, चष्मा. आरोही बाहेर खेळत होती म्हणून आवाज बारीक ठेवून. "मी दोन समोसे खाल्ले होते वं. सासूनं एवढं जपलं, अन् मी खाल्ले." रडली वगैरे नाही. शाळेत धडा म्हणावा तसं म्हणाली. पुष्कळदा सांगितलेलं असणार.

ती पोर घाबरली. माझ्याकडे वळली. मी मेथी निवडत होते.

"खरंच का वं आजी? दोन समोशांनी असं होते?"

खोलीत आम्ही तिघीच होतो. नरेश कामावर. पल्लवीही माझ्याकडे बघत होती. नाही म्हणायला किती वेळ लागतो? नाही म्हटलं असतं, तर पुढचं आपोआप आलं असतं.

"होते," मी म्हटलं. "हिनं ऐकलं नव्हतं. तू तरी ऐक."

पल्लवीनं मान हलवली.

दवाखान्यातल्या त्या दिवसापासून मी नुसती गप्प होते. नऊ वर्षांनी तोंड उघडलं, तर हे बोलले.