सतरा वेळा चार

केशव वैद्य गेल्याचं मला खर्ड्याच्या एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं. रविवार होता. जामखेडच्या स्टँडवर मी नेहमीच्या गाडीला उभा होतो, त्यांच्याचकडे निघालो होतो. "सायेब, आता जाऊन कुनाशी बोलता? वैद्य मास्तर गेलं. सकाळी वट्यावर दात घासत बसल्ते, तिथंच कलंडलं. कुनाला हाक बी मारली न्हाई." ऐकल्याबरोबर माझ्या मनात जे आलं ते दुःख नव्हतं. आता सांगावं लागणार नाही, असं आलं. या गोष्टीला सात आठवडे झाले. ते वाक्य काही मनातून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

वैद्य खर्ड्याच्या हायस्कुलात गणित आणि संस्कृत शिकवत. घराणं वेदपाठी. वडिलांकडून ते मीमांसा शिकले होते. वेदानं केलेल्या आज्ञेचा अर्थ कसा लावायचा, कुठलं कर्म आधी आणि कुठलं नंतर, याचं ते शास्त्र. मी तहसील कचेरीत पावसाचे आकडे तपासतो, माझा त्याच्याशी संबंध नाही. पण पाच वर्षांपूर्वी त्यांच्या मुंबईच्या भाच्यानं गणकयंत्राच्या भाषांवरचं एक पुठ्ठा फाटलेलं इंग्रजी पुस्तक त्यांना पाठवलं, आणि आकडे समजणारा माणूस म्हणून त्यांनी मला गाठलं. यंत्र त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पुस्तक मात्र वर्षभरात पाच वेळा वाचलं. "यात नवीन काही नाही हो, देशमाने. करणाऱ्याला शंका राहू नये अशी आज्ञा कशी द्यावी, एवढंच आहे. आमच्याकडे यावर दोन हजार वर्षं भांडणं झालीत."

मला कळावं म्हणून ते पंगतीचा दाखला देत. मीठ सगळ्या पानांना, मग लिंबू सगळ्या पानांना, मग चटणी, हा वाढण्याचा एक क्रम. एका पानावर सगळं वाढून मग पुढच्या पानाकडे वळायचं, हा दुसरा. "मिठाला पहिला चालतो. पण आधी सगळ्यांना भात, मग सगळ्यांना वरण, मग तूप असं फिरलात, तर तूप येईपर्यंत पानातला भात गार. कुठं कुठला क्रम लावायचा याचे नियम मीमांसेत आहेत, आणि यंत्रालाही तेच लागतात." हे नियम यंत्राच्या भाषेत मांडून दाखवायचे, असं त्यांनी मनावर घेतलं. माझ्याकडून पत्र लिहवून घेऊन पुण्यातल्या एका प्राध्यापकांना पाठवलं. त्यांनी उलट टपाली कळवलं की, कामाचा तक्ता, म्हणजे यंत्राला द्यायच्या आज्ञा ओळीनं मांडून पाठवा, एकदा यंत्रावर चालवून पाहू. जमलं तर संशोधनासाठी इकडे दोन वर्षं जागा देता येईल. वैद्य तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. ते पत्र त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं.

अडचण एकच होती. शास्त्रातलं काही ते कागदावर लिहीत नसत. कागदात बघून म्हणणारा वैदिक त्यांच्या घरात कमी प्रतीचा मानला जाई, त्यामुळे सगळा तक्ता तोंडपाठ. त्यांनी सांगायचा आणि मी लिहायचा, असं ठरलं. सांगायचे तेही वेद म्हणतात तसं, जोडीजोडीनं. पहिली ओळ-दुसरी ओळ, मग दुसरी-तिसरी, मग तिसरी-चौथी. म्हणजे अधलं काही गळत नाही. मी कच्च्या वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि घरी येऊन पक्की प्रत केली. ती करताना दुबार आलेल्या ओळी गाळल्या. एकशे बारा ओळी झाल्या. पुण्याला गेली ती माझी प्रत. "मी वाचून बघत नाही," ते म्हणाले होते, "तुमच्या हातून आकडा चुकल्याचं तालुक्यात कुणी ऐकलेलं नाही."

तक्त्यात यज्ञातली सतरा पात्रं होती आणि प्रत्येक पात्राची चार कर्मं. पात्र ठेवणं, पाणी शिंपडणं, पुन्हा पाणी शिंपडणं आणि झाकणं. सतरा चोक अडुसष्ट. यंत्राकडून उत्तर आलं एक्कावन्न. दुसऱ्यांदा पाणी शिंपडलंच गेलं नव्हतं. सोबत प्राध्यापकांची चिठ्ठी होती. पाठांतर म्हणजे विचार नव्हे, आणि जागेचा विचार या वर्षी करता येणार नाही. शाळेच्या पत्त्यावर आल्यामुळे ती हेडमास्तरांनी फोडली आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर वाचली. "काय शास्त्रीबुवा, यंत्राला सोवळं नेसवायचं राहिलं वाटतं? का पाणीच संपलं दुष्काळात?" सगळे हसले. वैद्यही हसले, असं त्यांनीच मला सांगितलं.

त्यांच्या वडिलांचा एक नियम होता. वेद उगाच दोनदा बोलत नाही; तीच आज्ञा पुन्हा आली तर ते वेगळं कर्म समजायचं. त्या कागदानंतर वैद्य या नियमावरच संशय घेऊ लागले. यंत्राला लबाडी माहीत नाही, त्यानं दोन आज्ञांची एक केली, म्हणजे एक असणं हेच खरं असेल... असं ते रविवारमागून रविवार बोलत. पाटावर चिंचोके मांडून सगळं पुन्हा पहिल्यापासून करून बघत.

गेल्या पावसाळ्यात एका महसूल मंडळाचा पावसाचा तक्ता माझ्याकडे तपासायला आला. दोन दिवस लागोपाठ तीन-तीन मिलिमीटर पडला होता आणि कारकुनानं दुसऱ्या दिवसाचा आकडा चुकून दुबार आला समजून खोडला होता. आधीच वर्षभर शून्यं लिहून हात थकलेले, त्यात हे. मी टेबलावर हात आपटून ओरडलो, "अहो, दोनदा लिहिलंय म्हणजे दोनदा झालंय!" आणि तसाच उभा राहिलो. घरी जाऊन कच्ची वही काढली. ठेवा-शिंपडा. शिंपडा-शिंपडा. शिंपडा-झाका. पक्क्या प्रतीत मी लिहिलं होतं ठेवा, शिंपडा, झाका. वैद्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या वडिलांचंही नव्हतं.

त्यानंतर मी सतरा रविवार खर्ड्याला गेलो. पहिल्या रविवारी त्यांना ताप होता. दुसऱ्या रविवारी पाहुणे होते. तिसऱ्या रविवारी मी "शास्त्रीबुवा, एक बोलायचं होतं" इथपर्यंत आलो, तेवढ्यात तेच म्हणाले, "सगळ्या जागा तपासतोय. बरं झालं लिहिणारे तुम्ही होतात, तेवढी एक जागा तपासायची नाही." उरलेल्या चौदा रविवारी मी चहा प्यालो. दिवाळीनंतर त्यांनी सांगितलं, वडिलांचा नियम सोडला. "ते असते तर घराबाहेर काढलं असतं मला." त्या दिवशीही मी चहाच प्यालो आणि गाडी चुकेल म्हणून उठलो.

तेरावं झाल्यावर वैद्यांच्या बायकोला, वहिनींना, सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही. "रात्रंदिवस वडिलांची माफी मागत होते ते. भिंतीकडं तोंड करून. तुम्ही यायचात तेव्हा मी दोनदा पोहे करायची, एवढ्या लांबून येता म्हणून." मग म्हणाल्या, "मला कशाला सांगता? मला त्यातलं काय कळतं? ज्यांना कळत होतं त्यांना सांगायचं होतं."

त्यांच्या खोलीत पाट तसाच होता. वहिनी केर काढताना उचलून पुन्हा तसाच ठेवतात. चिंचोक्यांचे सतरा ढीग, प्रत्येकात तीन. कोनाड्यातल्या वाटीत उरलेले चिंचोके होते. त्यातले सतरा मोजून मी हातात घेतले आणि पाटाशी बसलो. पहिल्या ढिगावर एक ठेवला.

"राहू द्या," वहिनी दारातून म्हणाल्या. "ते गेले तेव्हा तेवढेच होते."

मी तो उचलून घेतला. सगळे वाटीत परत टाकले. उठण्याआधी पाटावरचे पुन्हा एकदा मोजले. एक्कावन्न.