माझ्या शब्दावर आलेला नळ

ये, अशी जवळ येऊन बस. दारातच काय टेकलीस पाहुण्यासारखी? आणि ती विकतची बाटली आधी पिशवीत ठेव बघू. आमच्याकडे येताना पाणी बरोबर आणतात होय गो? हल्ली सगळ्यांनी हेच धरलंय. घोट घोट पितात आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसतात. मी तरी कोणत्या तोंडाने रागावू? पाण्याचंच सांगायचं आहे, आणि त्यात चूक माझी आहे.

आमचं गाव जयगडच्या अलीकडे, खाडीला लागून. घरामागे बाव आहे. बाव म्हणजे विहीर, तुम्हा शहरातल्यांना सांगावं लागतं. पावसाळ्यानंतर चांगली असते, पण होळी झाली की खाडी आतून झिरपते आणि पाणी मचूळ लागायला लागतं. मग डोक्यावर हंडा घेऊन वरच्या वाडीत जायचं. सासरी आले तेव्हापासून हेच. त्यामुळे आमच्याकडे पाण्याच्या जाती दोनच, गोडं आणि मचूळ. मीठ नसलं की गोडं. तिसरी जात असते हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही.

माझ्या जिभेचं मात्र गावभर नाव. चहा पिऊन सांगायचे, हे पाणी अमक्या बावीचं म्हणून. लग्नकार्यात आचारीसुद्धा विचारून जायचे.

मग सड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या कातळमाळावर, बोअर मारली. जांभा फोडून खाली काळ्या दगडात खूप खोल गेले तेव्हा पाणी लागलं. नळ घरोघरी येणार म्हणून अख्खं गाव वर चढलं होतं. नळयोजनेचा साहेब तरुण होता बिचारा. म्हणाला, "नमुना तपासायला पाठवतो. आठ-पंधरा दिवस थांबू, मग जोडू."

सरपंच म्हणाले, "काकी, तुम्ही चाखा तरी."

मी ओंजळीत घेऊन प्याले. मीठ कणभर नाही. म्हटलं, "गोडं आहे, गोडं! माझी जीभ असताना बाटल्या कशाला पाठवता?"

बायका हसल्या, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेबाचं तोंड एवढंसं झालं. पुढे नमुना गेला की नाही, कोणी विचारलं नाही. मीही नाही.

त्याच वर्षी मुलाचं लग्न झालं. सून दापोलीची. मुलगा लोट्याच्या एमआयडीसीत कंपनीत पाळीवर, सुट्टीला तेवढा घरी. त्यामुळे घरात आम्ही दोघीच. मी चूल तिच्या हाती दिली आणि सुटले. स्वयंपाकघरात नळ आलेला, ती नळाचं पाणी वापरी. मी मात्र देवाला आणि माझ्या तांब्याला सवयीने बावीचंच काढत होते. हे नीट ध्यानात ठेव.

पहिल्याच रविवारी तिने काळ्या वाटाण्याचं सांबार केलं. वाटणाचा वास असा सुटला म्हणतेस! पण वाटाणा दाताखाली कटकन वाजला. मी म्हटलं, "दापोलीला भिजत घालत नाहीत वाटतं?"

"रात्रभर भिजवलेत, आई. नऊ शिट्ट्या केल्या."

दुसऱ्या वेळी तेच, तिसऱ्या वेळी तेच. तूरडाळ वेगळी, पाणी वेगळं. त्यात कुकरच्या बुडाला पांढरा थर धरायचा. मी बोट फिरवून दाखवायचे, घासताना हात दुखतात का म्हणून. एकदा ती हळूच म्हणाली, "आई, या पाण्याला साबणाचा फेसच येत नाही ओ. केसपण राठ झालेत माझे."

"केसांना तेल लाव," मी म्हटलं, "नळाला नावं ठेवू नको. तो माझ्या शब्दावर आलाय."

आणि मग ते वाक्य. लेक माहेरपणाला आली होती, शेजारपाजारच्या बायका जेवायला होत्या. सूनबाई वाढत होती. मी वाटाणा चावला आणि म्हटलं, "हे गोफणीला ठेवा गो. कलमांवरची वानरं तरी पळतील." काय हसल्या सगळ्या! मीही हसले. ती वाढत राहिली. भाताचं भांडं रिकामं झालं होतं, तरी त्यात डाव फिरवत होती.

चार महिन्यांत मुलाने लोट्याला खोली घेतली. म्हणाला, कंपनीची बस दारातून जाते. मी काय समजायचं ते समजले, पण दोष तिलाच दिला.

आता चूल पुन्हा माझ्याकडे आली. श्रावणातला सोमवार होता. मी वाटाणे भिजवले, माझा कुकर, माझा हात. आठ शिट्ट्या झाल्या, झाकण काढलं. कटकन. वाण्याला शिव्या दिल्या, दुसरीकडून वाटाणे आणले. तेच. मग कधी नव्हे ती शंका आली. एकाच पिशवीतले वाटाणे दोन पातेल्यांत भिजवले, एकात नळाचं पाणी, एकात बावीचं. ज्याच्या त्या पाण्यात शिजवले. बावीचे चार शिट्ट्यांत लोणी. नळाचे तसेच, डोळे वटारून बसलेले. मी दोन्ही पातेली पुढ्यात घेऊन जमिनीवर बसले.

शाळेतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काकी, याला दुष्फेन पाणी म्हणतात, जड पाणी. क्षार जास्त, म्हणून फेस येत नाही आणि कडधान्य शिजत नाही. आम्ही मुलांना शिकवतो." म्हणजे पोरांना ठाऊक, आणि मी, जिभेची एवढी ख्याती असलेली, मला ठाऊक नाही.

तेव्हाच सुनेला फोन करायचा. केला नाही. हेच मला खातं. अजाणता बोलले ते एक वेळ देव सोडून देईल, पण हे जाणून केलं. त्या गणपतीला ती आली, दीड दिवस राहिली. मखर सजवलं, दुर्वा निवडल्या, पण चुलीकडे वळली नाही. मी म्हटलं, "मोदक तरी वळायला ये." तर म्हणाली, "तुम्हीच करा, आई. माझ्या हातचं शिजत नाही." आणि लेक माझी हसत म्हणाली, "अगो, हिच्या वाटाण्यांची गोफण आठवते का?" सगळ्या हसल्या. मला सगळं ठाऊक होतं, दोन पातेल्यांसकट. मी खाली मान घालून नारळ खवत राहिले.

वर्ष गेलं तसंच. शेवटी ग्रामसभेत उठून बोलले. म्हटलं, माझ्या जिभेला मीठ कळतं, पाण्याचा जडपणा कळत नाही, नमुना पाठवा. कोणी हसलं नाही, उलट दोघी-तिघी म्हणाल्या, आम्हालाही सुनांवर संशय होता. तेव्हा तर अधिकच लाज वाटली. घरी येऊन तडक फोन लावला.

सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं, आई. इथे पहिल्याच दिवशी तीन शिट्ट्यांत शिजले."

"मग बोलली का नाहीस गो?"

"बोलले होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, केसांना तेल लाव."

तिने फोन ठेवला नाही एवढंच. मागे तिच्या घरात कुठेतरी भांडं वाजलं. मग मी म्हटलं, "ऐक. पुढच्या रविवारी लेकीला बोलावलंय. त्या दिवशी जेवायला होत्या त्या शेजारणींनाही. त्यांच्यासमोर हसले होते, त्यांच्यासमोरच सांगायचंय मला. तू नसलीस तर कोणाला सांगू? तुला काही करायचं नाही, नुसतं पाटावर बसायचं. वाढीन मी."

"बघते," म्हणाली.

"बघू नको गो. ये. सकाळची एसटी पकड, दोघंही या. लवकर या."