दीपाने न शिकवलेली हालचाल

दीपा गेल्याचा फोन तिच्या शेजाऱ्यांनी केला. काकूंना, म्हणजे तिच्या आईला, ऐकू येत नाही. त्या घरातून दीपाशिवाय दुसरं कोण फोन करणार? मी आष्टीच्या शाळेत चित्रकला शिकवते. बसलेला माणूस फळ्यावर काढत होते, तो अर्धवट सोडून हिंगणघाटची गाडी धरली. त्याला आता महिना होत आला...

आम्ही दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. पुढे शिकून ती पुण्याला घरकामाचे रोबो बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. यंत्राने भावना चेहऱ्याविना, नुसत्या अंगाच्या हालचालीतून कशा दाखवाव्यात, हे ठरवणं तिचं काम. "मशीनले कुठलं मन असते वं?" असं मी चिडवलं की म्हणायची, "मन नाई, नंदा. पण त्याले काय समजलं अन् काय नाई, हे समोरच्याले दिसाले पाह्यजे ना!" सुट्टीत आली की मला बसस्टँडवर घेऊन बसायची. पाठमोरा माणूस दाखवून विचारायची, हा थकलाय की रागावलाय? मी भराभर रेखाटायचे आणि ती खांद्यांच्या रेषा निरखत राहायची.

एकदा कंपनीत ठरलं, की मालक बाहेर निघाला की रोबोने मान टाकून दाराशी घुटमळायचं. म्हणजे लोकांना लळा लागेल. दीपाने ते करायला साफ नकार दिला. वाद विकोपाला गेला आणि ती नोकरी सोडून घरी आली. तोवर काकूंचं ऐकणं पार गेलं होतं. लोक ओरडून बोलत आणि काकूंना वाटे, सगळे आपल्यावर चिडलेत. मग दीपाने त्यांच्यासाठीच एक रोबो बनवायला घेतला. कमरेइतका उंच, चाकांवर चालणारा, पुढे ताट धरलेला आणि वर टेबललॅम्पसारखी वळणारी मान. काकूंनी त्याचं नाव टिल्लू ठेवलं.

पहिल्याच दिवशी तो असा सरळ चालून आला की काकूंनी लाटणं उगारलं. "हे काऊन अंगावर येऊन राह्यलं?" दीपा हसून हसून खाली बसली. मग तिने त्याला लांबूनच हळू व्हायला शिकवलं. दारावर कोणी आलं की तो मान दाराकडे लांबवून काकूंकडे वळून बघे. काही समजलं नाही की मान तिरपी करून जरा मागे सरके. काकू त्याच्याशी खाणाखुणांनी बोलू लागल्या, त्याला रागावूही लागल्या.

तेवढ्यात दीपाचं दुखणं निघालं. नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा एके दुपारी काकू तिला म्हणाल्या, "तू नसशील तवा यानं मान तरी खाली घालाव. घरात मी एकटीच काय रडत बसू?" दीपाने त्यांचा हात धरला आणि नकारार्थी मान हलवली. मला म्हणाली, "त्याले दुःख होणारच नाई, नंदा. आईसमोर खोटं रडाले कसं शिकवू?" काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. मलाही ती कठोर वाटली. मरणाऱ्या लेकीने आईचं एवढं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं?

परवा भेटायला गेले. काकू ओसरीत भिंतीला टेकून रडत होत्या. टिल्लू पाणी आणि गोळी घेऊन आला, थांबला. त्यांनी पाहिलं नाही. तो थोडा मागे सरला, पुन्हा आला. मान रोजच्यासारखीच ताठ. मला दीपाचा रागच आला म्हणा.

काकूंनी पदराने डोळे पुसले, गोळी घेतली. माझा चेहरा वाचून म्हणाल्या, "दीपीनं बरं केलं वं. हे बी रडत बसलं असतं तं मले याचीच समजूत घालाव लागली असती. आता मी रडतो, अन् हे पाणी आणते."

मग गुडघ्यांवर हात टेकत उठल्या. "चाल, चहा मांडतो तुले."

टिल्लू बाजूला सरकला आणि त्याने त्यांना वाट दिली.